भागाकारातील बाकी आणि तिचे व्यवहारातील उपयोग

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा नातू दुकानाच्या गादीवर बसून भागाकाराची उदाहरणे सोडवीत होता. जूनमध्ये तो सातवीत जावयाचा होता. उदाहरण सुटले की भागाकार तो ठळक अक्षरात मांडी आणि बाकी कोपऱ्यात बारीक लिहून पुढे जाई. मी त्यास सहज विचारले, "बाळ, बाकीवर एवढी अवकृपा का?" तो म्हणाला, "आजोबा, बाकी म्हणजे उरलेसुरले. तिचा पुढे काय उपयोग?"

त्याच्या या उत्तराने मला हसू आले आणि थोडी खंतही वाटली. आपणा व्यापाऱ्यांस गिऱ्हाइकाकडील बाकी रात्रीची झोप लागू देत नाही. पण भागाकारातील बाकीकडे आपलेही लक्ष नसते. वास्तविक या दुसऱ्या बाकीने एके काळी माझ्या हातून होऊ पाहणारा मोठा अन्याय टाळला आहे. ती हकीकत पुढे सांगतोच. संघाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तेव्हा नातवास समजावून सांगितलेला हाच विषय येथे मांडीत आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला व जन्मभर धान्याच्या घाऊक व्यापारात वावरलेला आहे, म्हणून येथे मोठ्या विद्येची अपेक्षा सुज्ञ वाचकांनी धरू नये. पाचवी ते आठवीच्या मुलामुलींनी पेन्सिल घेऊन हा लेख वाचावा आणि आकडे स्वतः करून पाहावेत, एवढीच विनंती.

बाकीचे गणित म्हणजे काय?

घड्याळात दहा वाजले असता मालाची गाडी निघाली आणि वाटेत तिला पाच तास लागले, तर ती पंधरा वाजता पोहोचली असे आपण म्हणत नाही. तीन वाजता पोहोचली असे म्हणतो. पंधरास बाराने भागून बाकी तीन घेतली, एवढेच आपण नकळत केले. किती फेरे पूर्ण झाले याची येथे कोणास पर्वा नाही. काटा कोठे थांबला, हेच पाहावयाचे असते. जेथे जेथे एखादी गोष्ट फिरून फिरून त्याच ठिकाणी येते, तेथे तेथे भागाकार गौण व बाकी प्रधान होते. जर्मन गणिती गाउस याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विषयास शास्त्राचे रूप दिले. पण त्याचा वापर त्याच्या कितीतरी आधीपासून जगभर चालू होता.

आमच्या आजोबांच्या वहीत रुपये, आणे, मण आणि शेर असत. १०० आणे म्हणजे ६ रुपये ४ आणे, आणि ९० शेर म्हणजे २ मण १० शेर. पहिल्यात १६ ने व दुसऱ्यात ४० ने भागून उरलेली बाकी त्यांना दररोज शेकडो वेळा काढावी लागे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आले आणि ती कसरत संपली. सोय झाली यात शंका नाही. मात्र बाकीकडे पाहण्याची सवय त्याबरोबर गेली.

वार आणि संवत्सर

आठवड्याचे वार सात. म्हणून आजपासून अमुक दिवसांनी कोणता वार येईल हे पाहावयाचे असल्यास त्या दिवसांस सातने भागावे व बाकी तेवढी पुढे मोजावी. माल शुक्रवारी पोचता केला आणि पैसे ४५ दिवसांनी द्यावयाचे ठरले. ४५ मधून सहा आठवड्यांचे ४२ गेले, बाकी ३. म्हणजे पैशाचा दिवस सोमवारी येतो. तोच माल गुरुवारी पोचता झाला, तर रविवार येईल आणि बँक बंद असेल. करार करतानाच हे मनात काढता आले, तर पुढील ओढाताण टळते.

वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे ५२ आठवडे आणि बाकी १. म्हणून कोणतीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार सरकते. २६ जानेवारी १९५० रोजी गुरुवार होता. तर २६ जानेवारी २००० रोजी कोणता वार होता? वर्षे झाली ५०. त्या अवधीत १९५२ पासून १९९६ पर्यंत २९ फेब्रुवारी १२ वेळा आली. एकूण ६२. सातने भागून बाकी ६. गुरुवारपासून सहा वार पुढे मोजले की बुधवार येतो, आणि त्या दिवशी बुधवारच होता. मुलांनी आपल्या आजीचा जन्मवार या रीतीने काढून तिला सांगावा. तिला आनंद होईल.

पाडव्याच्या दिवशी पंचांगात संवत्सराचे नाव वाचतात. ही नावे साठ असून प्रभव हे पहिले आहे. आपल्याकडील रीतीप्रमाणे शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी येईल त्या क्रमांकाचे संवत्सर. शके १९४७ मध्ये १२ मिळविले की १९५९. त्यास ६० ने भागता बाकी ३९, आणि एकोणचाळिसावे नाव विश्वावसु. बाकी शून्य आली तर साठावे, म्हणजे क्षय हे संवत्सर समजावे.

नवाचा ताळा

आता आपल्या धंद्याकडे वळू. कोणत्याही संख्येस ९ ने भागून बाकी किती राहील, हे भागाकार न करता सांगता येते. संख्येतील अंकांची बेरीज करावी, ती दोन अंकी आली तर पुन्हा बेरीज करावी. शेवटी उरेल ती बाकी. नऊ उरले तर बाकी शून्य. याचे कारण अगदी सोपे आहे. दहाच्या नोटेतून ९ काढले की १ उरतो, शंभराच्या नोटेतून ९९ काढले की १ उरतो आणि हजारातून ९९९ काढले तरी १ च उरतो. म्हणून प्रत्येक अंक जेथे असेल तेथून केवळ आपल्याच मोलाची बाकी मागे ठेवतो.

समजा २३८ क्विंटल माल ४,३७५ रुपये दराने विकला आणि बिल झाले १०,४१,२५० रुपये. पडताळा असा: २३८ च्या अंकांची बेरीज १३, तीवरून ४. ४,३७५ ची बेरीज १९, तीवरून १०, तीवरून १. चार गुणिले एक म्हणजे ४. आता बिलाची रक्कम: १, ०, ४, १, २, ५, ० यांची बेरीज १३, तीवरून ४. ताळा जुळला. न जुळता, तर गुणाकार खात्रीने चुकला असे समजावे.

परंतु उलट मात्र खरे नाही, हे मुलांनी नीट लक्षात ठेवावे. ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबरच आहे असे सिद्ध होत नाही. घाईत १०,४१,२५० च्या जागी १०,४१,५२० लिहिले गेले, तरी अंक तेच असल्याने बेरीज तीच येते व नवाच्या ताळ्यास ही चूक दिसत नाही. आकडे लिहिताना शेजारचे दोन अंक उलटे पडणे ही तर वहीतील नेहमीची चूक. मात्र गंमत अशी की, जी चूक नवास ताळ्यात दिसत नाही, तीच चूक नऊ दुसऱ्या वाटेने पकडून देतो. हे मी पुस्तकात शिकलो नाही. आमच्या दिवाणजींकडून शिकलो.

एका रात्रीची गोष्ट

ही हकीकत १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांतील आहे. बेळगावच्या रविवार पेठेत तेव्हा हंगाम जोरात होता. वडील आजारी असल्याने दुकान माझ्याकडे होते. एके दिवशी सायंकाळी रोजमेळ बांधताना तिजोरीत ४,५०० रुपये कमी भरले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दोन वेळा नोटा मोजल्या, दोन वेळा बेरजा केल्या, फरक तसाच. त्या दिवशी रोकड दोघांच्याच हातून गेली होती: एक मी आणि दुसरे दिवाणजी. ते आमच्याकडे वडिलांच्या तरुणपणापासून होते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते, हे मला ठाऊक होते. मी तोंडाने काही बोललो नाही. पण मनात पाल चुकचुकली आणि माझ्या चेहऱ्यावर ती त्यांनी वाचली. "उद्या पाहू," एवढेच म्हणून ते घरी गेले. त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांना तरी कशी आली असेल?

सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच ते पायरीवर उभे होते. आत येताच त्यांनी रोजमेळ उघडला व शांतपणे म्हणाले, "धाकटे शेठ, फरक नवाने निःशेष जातो. पैसे गेलेले नाहीत. कोठेतरी आकडा उलटा पडला आहे. पंचेचाळीसशेला नऊशेने भागले की पाच येतात. तेव्हा हजाराचा आणि शतकाचा अंक बदललेला असणार, आणि त्या दोन अंकांत पाचाचे अंतर असणार. तेवढ्याच रकमा पाहू."

अशा रकमा साऱ्या पानावर तीनच होत्या. तारेत ओवलेल्या पावत्या काढून एकेक ताडून पाहिली. दुसरीच पावती लॉरीभाड्याची निघाली. तीवर ८,३५० रुपये होते, रोजमेळात नावे पडले होते ३,८५०. भाडे पूर्ण दिले होते, लिहिले होते ४,५०० ने कमी. म्हणून वहीच्या हिशेबाने तिजोरीत तेवढे अधिक असावयास हवे होते. आणि ती नोंद दिवाणजींच्या हातची नव्हती. ती माझ्याच अक्षरात होती.

मी त्यांचे पाय धरले. ते एवढेच म्हणाले, "आकडा कोणाचाही चुकतो. माणसावर बोट ठेवण्याआधी फरकाला नवाने भागून पाहावे."

त्यांच्या युक्तीचे मर्म असे आहे. हजाराच्या जागी ८ व शतकाच्या जागी ३ म्हणजे ८,३००. उलट केले की ३,८००. आठातून तीन गेले पाच, आणि हजारातून शंभर गेले नऊशे. पाच गुणिले नऊशे म्हणजे ४,५००. शतक व दशक बदलले तर फरक ९० च्या पटीत येतो, दशक व एकक बदलले तर ९ च्या पटीत. फरकास ९००, ९० किंवा ९ ने भागून जो अंक येतो, तेच त्या दोन अंकांमधील अंतर. अर्थात नवाने निःशेष जाणारा प्रत्येक फरक उलट्या आकड्यामुळेच असतो असे नव्हे. तो दुसऱ्या कारणानेही येऊ शकेल. तथापि शोध कोठून सुरू करावा, हे त्यावरून कळते.

अकराचा ताळा आणि छापील क्रमांक

अदलाबदल ताळ्यातच पकडावयाची असेल, तर अकराचा ताळा घ्यावा. उजवीकडून सुरुवात करून पहिला अंक मिळवावा, दुसरा वजा करावा, तिसरा मिळवावा, चौथा वजा करावा. उत्तर ऋण आले तर ११ मिळवावे. ८,३५० चे ० वजा ५ अधिक ३ वजा ८ म्हणजे ऋण १०. ११ मिळविले की १. आणि ३,८५० चे ० वजा ५ अधिक ८ वजा ३ म्हणजे शून्य. बाकी निराळी आली, चूक उघडी पडली. कारण असे की, दहा हा अकराहून एकाने उणा आहे, शंभर हा ९९ हून एकाने अधिक आहे, हजार हा १,००१ हून एकाने उणा; म्हणून शेजारच्या दोन अंकांची चिन्हे परस्परविरुद्ध येतात आणि जागा बदलली की बाकी बदलते.

हीच विद्या आज आपल्या दुकानातील प्रत्येक पुड्यावर छापलेली आहे. उभ्या काळ्या रेषांखाली तेरा अंकी क्रमांक असतो. त्यातील तेरावा अंक मालाचा नसून रखवालदाराचा आहे. पहिल्या बारा अंकांपैकी सम जागांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट करावी, तीत विषम जागांवरील अंकांची बेरीज मिळवावी, आणि एकूण रक्कम दहाच्या पटीत येण्यास जो अंक कमी पडेल तो तेरावा लिहावा. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८८ हे बारा अंक घ्या. सम जागांवर ९, १, ३, ५, ७, ८. बेरीज ३३, तिप्पट ९९. विषम जागांवर ८, ०, २, ४, ६, ८; बेरीज २८. एकूण १२७. दहाच्या पटीस तीन कमी, म्हणून तेरावा अंक ३. यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला तर बेरीज दहाने निःशेष जात नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारते. येथे जाता जाता एक गैरसमज दूर करतो. आरंभीच्या ८९० चा अर्थ क्रमांक भारतातील नोंदणी संस्थेकडून घेतला, एवढाच. माल भारतातच तयार झाला असा नव्हे.

रेल्वेच्या मालडब्यांवरील अकरा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंकही याच धर्तीवर, तिप्पट आणि दहाची पट धरून काढलेला असतो. मुलांनी मालगाडी थांबलेली दिसली की फलाटावरून क्रमांक उतरून घ्यावा व पडताळून पाहावा.

तथापि या रीतीतही एक फट आहे. शेजारच्या दोन अंकांत बरोबर पाचाचे अंतर असेल, तर त्यांची अदलाबदल तिला कळत नाही. कारण तेवढ्याने बेरीज नेमकी दहाने बदलते, आणि दहाने भागल्यावर बाकी तीच राहते. माझ्या हातून उलटे पडलेले ८ आणि ३ हे असेच जोडपे होते! अकराच्या ताळ्यात ही फट नाही. म्हणून २००६ अखेरपर्यंत पुस्तकांवर जो दहा अंकी क्रमांक असे, त्याचा रखवालदार अकराने भागून काढीत. अकराने भागले की बाकी दहाही येऊ शकते, आणि दहास एकच अंक नाही. म्हणून त्या जागी रोमन दहाचे एक्स हे चिन्ह छापीत. घरातील जुन्या पुस्तकांच्या पाठीवर ते शोधून पाहावे.

१ जुलै २०१७ पासून आपणा सर्वांस मिळालेला जीएसटीचा पंधरा स्थानांचा क्रमांकही असाच राखलेला आहे. पहिले दोन अंक राज्याचे: आपल्या कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढील दहा स्थानांवर पॅन असतो, आणि शेवटचे पंधरावे स्थान रखवालदाराचे. यात अंक आणि अक्षरे दोन्ही असल्याने अंकांस ० ते ९ व अक्षरांस १० ते ३५ असे मोल देतात आणि ३६ ने भागून येणाऱ्या बाकीवरून शेवटचे चिन्ह ठरवितात. चुकीचा क्रमांक बिलावर गेला तर खरेदीदारास कराची वजावट मिळण्यास अडचण येते, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंस माल पाठविणाऱ्या आपल्यासारख्यांस त्याचा त्रास विशेष होतो. संगणक क्रमांक नाकारतो तेव्हा कारकुनावर न चिडता त्या पंधराव्या चिन्हाचे आभार मानावेत.

महावीराचार्यांचा वारसा

बाकीवरून मूळ संख्या शोधणे, ही याहून पुढची पायरी. तिला आपल्याकडे कुट्टक म्हणतात. इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात ही रीत आहे. आपणांस विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी आपल्या गणितसारसंग्रह या संस्कृत ग्रंथात तिचा विस्तार केला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. हा ग्रंथ १९१२ साली इंग्रजी भाषांतरासह मद्रासहून आणि १९६३ साली हिंदी भाषांतरासह आपल्या शेजारच्या सोलापूरहून प्रसिद्ध झाला.

त्यातील एका उदाहरणाचा आशय असा: केळ्यांचे सारख्याच आकाराचे ६३ ढीग आणि वर ७ केळी २३ वाटसरूंनी समान वाटून घेतली, काही उरले नाही, तर प्रत्येक ढिगात केळी किती? लहानात लहान उत्तर ५ आहे. ६३ गुणिले ५ म्हणजे ३१५, अधिक ७ म्हणजे ३२२, आणि २३ ने भागता प्रत्येकास १४.

आमच्या नातवासाठी मी हेच उदाहरण गोदामात आणले. तूरडाळीची पोती पाच-पाचच्या रांगेत लावली तर ३ उरतात, सात-सातच्या रांगेत २ उरतात आणि आठ-आठच्या रांगेत १ उरते. पोती २८० पेक्षा कमी आहेत. तर ती किती? पाचाने भागून ३ उरणाऱ्या संख्या ३, ८, १३, १८, २३. त्यांत सातने भागून २ उरणारी पहिली २३. आता ३५ मिळवीत जावे, म्हणजे या दोन्ही बाक्या बिघडत नाहीत: ५८, ९३, १२८, १६३, १९८, २३३. यांपैकी आठाने भागून १ उरणारी २३३. उत्तर मिळताच तो धावत जाऊन पोती मोजून आला. ती २३३ च भरली. त्या दिवसापासून त्याच्या वहीत बाकी कोपऱ्यात जात नाही.

आता हिशेब संगणकावर होतात, बेरजा चुकत नाहीत. परंतु आकडा टंकणारे बोट अजून माणसाचेच आहे, आणि आठाच्या जागी तीन अजूनही पडतो. फरक निघाला म्हणजे पहिला संशय हाताखालच्या माणसावर जातो, हाही मनुष्यस्वभाव बदललेला नाही. दिवाणजी आज हयात नाहीत. त्यांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी झाले आणि वडिलांच्या आज्ञेने मी वधूच्या घरी मांडवात उभा राहिलो. पाहुणे मला "शेठजी" म्हणत होते. मला मात्र त्या ३,८५० च्या नोंदीची आठवण येत होती.

मुलांनो, बाकी जपून ठेवा. आणि वडीलधाऱ्यांनो, तिजोरीत फरक आला तर प्रथम त्यास नवाने भागा; मग माणसाकडे पाहा. जय जिनेंद्र.